गाडी एअर-कूल्ड, मग ऑइलात पाणी आलं कुठनं?

चिकोडीकडची केए-२३ पासिंगची दीडशे सीसी गाडी घेतली. तिकडची जुनी गाडी म्हटलं की आमच्या बेळगावात पहिला प्रश्न ठरलेला: "पुरातली न्हवं न्हवं?" विचारणाऱ्याचंही चुकत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये कृष्णा-दूधगंगेच्या काठी पाणी घराघरांत शिरलं होतं. अंगणातली गाडी तेवढी कोरडी राहिली म्हणून कोण सांगणार?

गाडी दारात आल्यावर ऑइलचं टोपण उघडलं, तर आतल्या बाजूला पिवळट-पांढरी साय. खालच्या काचेतून ऑइलही गढूळ दिसत होतं आणि पातळी वरच्या खुणेच्या वर.

गल्लीतल्या मेस्त्रींनी लांबूनच निकाल दिला, "हेड गॅस्केट गेलंय. इंजिन खोलूया की वो." (हेड गॅस्केट म्हणजे सिलेंडर आणि त्यावरच्या हेडमधलं पॅकिंग.)

"मामा, हेड गॅस्केट गेलं तर कूलंट ऑइलात येतंय. ह्या गाडीला रेडिएटरच न्हाई, पाणी हाय कुठं?"

"तसं बी व्हतंय कधी कधी," म्हणून ते दुसऱ्या गाडीकडे वळले.

मी उद्यमबागेत लेथवर काम करतो. तिथं रोज सोल्युबल ऑइल पाण्यात कालवतो आणि ते बघता बघता दुधासारखं पांढरं होतं. त्यामुळे ही साय बघितल्यावर पाण्याबद्दल शंका उरली नाही. इंजिन ऑइलमध्ये घाण धरून ठेवणारी रसायनं असतात, ती पाण्याचे बारीक थेंबही तसेच धरून ठेवतात. तरी पातळी वाढली होती म्हणून पेट्रोलचा संशय आधी काढून टाकायचा होता. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल अडवणारी फ्लोट निडल अडकली आणि टाकीचा कॉक उघडा राहिला तर पेट्रोल सिलेंडरातून थेट खाली उतरतं. पण तसं ऑइल पातळ होतं, दुधाळ होत नाही, आणि नाकाला लगेच कळतं. इथं पेट्रोलचा वास अजिबात नव्हता. 'तरुण भारत'च्या पानावर एक थेंब टाकला. भोवती पेट्रोलसारखं झरझर पसरणारं कडं धरलं नाही.

मग जुना पत्रा तापवून त्यावर एक थेंब सोडला. तडतड, तडतड. निव्वळ ऑइल नुसता धूर सोडतं. पाणी असलं की मोहरीसारखं उडतं. (पेट्रोलचा वास येत असेल तर हा उद्योग मुळीच करू नका.)

ऑइल काढून पारदर्शक बाटलीत रात्रभर ठेवलं. सकाळी तळाला पाण्याचा वेगळा थर. हे महत्त्वाचं, कारण पावसाळ्यात टोपणाखाली थोडी साय पुष्कळ गाड्यांना धरते. एक लिटर पेट्रोल जळताना साधारण लिटरभरच पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. बहुतेक सायलेन्सरमधून जातं, थोडं पिस्टनच्या कडेनं खाली येतं. खडेबाजारापर्यंत जाऊन परत येणाऱ्या गाडीचं इंजिन नीट तापतच नाही, मग ती वाफ आतच गार होते. पण अशा वेळी खालचं ऑइल बहुधा ठीक असतं. इथं बाटलीच्या तळाला पाणी साचलं होतं, म्हणजे ते बाहेरून आलं होतं.

पुराची खूण शोधली: हेडलाइटच्या आत गाळाची रेघ, एअर फिल्टरच्या डब्याच्या तळाला माती, सीटखालच्या कपलरमध्ये हिरवा गंज. काहीच नाही. उलट गाडी नको तितकी स्वच्छ होती. चेनवर ग्रीसचा टिपूस नाही, इंजिनच्या फिन्समध्ये धुळीचा कण नाही. विकायच्या आधी जोराच्या फवाऱ्यानं धुतलेली, हे उघडच होतं. ब्रीदर पाइप, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी, जागेवर होता. मग टोपणाची ओ-रिंग (सील करणारी रबरी कडी) काढली तर ती दगडासारखी कडक, एका जागी चिरलेली आणि चपटी. टोपणाभोवती पाणी साचायला खोलगट जागा आहेच.

उद्यमबागेत हायड्रॉलिकचं काम करणारे पुष्कळ, तिथं मापाची नायट्राइल रबराची रिंग मिळाली. मापाला बसतेय म्हणून ईपीडीएम या दुसऱ्या रबराची घालू नये, ती ऑइलात फुगते.

डिझेल घालून इंजिन धुवायचा सल्ला इथंही मिळाला. मला तो पटत नाही; आत उरलेलं डिझेल नव्या ऑइललाच पातळ करतं. स्वस्तातलं २० डब्ल्यू ५० ग्रेडचं ऑइल भरलं, इंजिन गरम होईपर्यंत चालवलं, काढलं. ते गढूळ निघालं म्हणून पुन्हा तेच. ऑइलची जाळी साफ केली. शेवटी जासो एमए (ऑइलात भिजणाऱ्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेलं चांगलं ऑइल भरलं. क्लच याच ऑइलात भिजलेला असतो, कारचं ऑइल घातलं तर तो घसरायची भीती. नंतर जांबोटीवरून चोर्ल्याच्या दिशेनं लांब चक्कर मारली, म्हणजे उरलीसुरली वाफ निघून जाईल. मग मुद्दाम पाइपनं टोपणावर पाणी मारून बघितलं. आतली बाजू कोरडी. बेअरिंगचा घुर्रर्र आवाज येतो का, याकडे मात्र अजून कान आहे. पाण्यानं तिथं गंज धरला असेल तर तो लगेच बोलत नाही.

आता उजव्या शॉकअपच्या सीलमधून ऑइल पाझरतंय. नुसतं सील गेलंय की रॉडवर खड्डे पडलेत, ते रविवारी उघडून बघतो. मेस्त्रीमामांना विचारलं तर तिथंही इंजिन खोलूया म्हणतील.