दिवस राहायच्या आधीच गोळी कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते, काकी. परवा अंगणवाडीत पोषण दिवसाला तुमच्या सुनेच्या हातात मी फॉलिक ॲसिड या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची पट्टी ठेवली आणि तुम्ही लगेच म्हणालात, "गो बाय, अजून दिवस रवाक नाय आणि गोळी कित्याक?" लसीकरणाची रांग होती, एक पोर सुई टोचून घेऊन भोकाड पसरून बसलं होतं, म्हणून मी "मागाहून सांगते" एवढंच म्हटलं. पण हा प्रश्न तुमच्या एकट्यांचा नाही. देवगड तालुक्यात आरोग्यसेविका म्हणून मला 22 वर्षं झाली आणि कुणाची तरी सासू, आई, नाहीतर स्वतः ती मुलगी हे विचारतेच. तेव्हा एकदा सावकाश सांगते.

गणपतीत तुम्ही करंज्या करता ना? पारी लाटायची, सारण भरायचं, दुमडायची आणि कडेला मुरड घालायची. एका ठिकाणी जरी कड चिकटली नाही, तरी तळताना तिथून सारण बाहेर येतं. बाळाचा मेंदू आणि पाठीचा मज्जारज्जू ज्या नळीतून होतो, ती नळी अशीच होते. आधी एक चपटी पारी असते. तिच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात, एकमेकींना मिळतात आणि मिटतात. गर्भ धरल्यापासून 28 दिवसांच्या आत ही मुरड घालून झालेली असते, आणि ती नीट बसायला आईच्या अंगात फॉलिक ॲसिड पुरेसं लागतं. वरच्या टोकाला उघडी राहिली तर मेंदू आणि कवटी नीट होतच नाही, ते बाळ जगत नाही. खाली उघडी राहिली तर पाठीवर पिशवी घेऊन मूल जन्माला येतं. पायांत जोर नसतो, लघवी-संडासवर ताबा राहत नाही, पुष्कळदा डोक्यात पाणी साठतं. ऑपरेशन करून पाठ मिटवतात, पण खराब झालेल्या नसा पूर्ववत होत नाहीत.

आता दिवस मोजा. पाळी चुकली हे कळेपर्यंत त्या 28 मधले साधारण 14 गेलेले असतात. उरलेल्या 14 दिवसांत आपल्याकडे कुणी काही बोलतच नाही. तिसरा सरेपर्यंत सांगायचं नसतं, दृष्ट लागते. मुलगी नवऱ्याला सांगते, फार तर सासूला. माझ्यापर्यंत बातमी येते तेव्हा ओटीत नारळ पडायची वेळ झालेली असते.

या रीतीचा मला राग नाही. पहिल्या तीन महिन्यांत गर्भ पडण्याचं भय जास्त असतं, आणि अख्ख्या वाडीला सांगून मग पडला तर त्या पोरीला घरोघर उत्तरं द्यावी लागतात. ते दुःख झाकायलाच कुणा शहाण्या बाईने ही रीत घातली असणार. पण वाडीपासून लपवणं वेगळं आणि आरोग्यसेविकेपासून लपवणं वेगळं. माझ्या रजिस्टरमधलं नाव मी चव्हाट्यावर वाचत नाही.

नोकरीच्या चौथ्या वर्षी एक मुलगी नोंदणीला आली तेव्हा तिला चौथा लागला होता. मी कार्ड केलं, इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या, सगळं नियमाप्रमाणे. बाळ झालं तेव्हा त्याच्या कमरेच्या जरा वर, बरोबर मध्यावर, लिंबाएवढी पातळ पापुद्र्याची पिशवी होती. आत पाणी हललेलं दिसत होतं. तळव्याला बोट लावलं की बाळं पाय आखडून घेतात. ह्याने घेतला नाही. ती आई पुन्हा पुन्हा त्याच्या तळव्याला बोट लावत राहिली, जणू आपलंच बोट नीट लागत नाहीये. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताई, ग्रहणाच्या दिवशी मी विळीवर भाजी चिरली होती. म्हणून का?"

ग्रहणाने पाठ उघडी राहत नाही, ओठही फाटत नाही. हे मी तिला सांगितलं, त्यानंतर कितीजणींना सांगितलं असेल. पण घरी जाताना माझ्या मनात दुसरंच होतं. गोळ्या मी दिल्या होत्या, पण मुरड घालून होऊन दोन-अडीच महिने झाल्यावर. आधी दिल्या असत्या तर नक्की टळलं असतं असं कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. फॉलिक ॲसिडने सगळीच व्यंगं टळत नाहीत, ह्या व्यंगाचीसुद्धा सगळी नाहीत. तरी वेळेत दिल्या नव्हत्या हे खरं, आणि ते मला अजून सलतं.

पुढच्या खेपेला दिवस राहायच्या आधीपासूनच तिला डॉक्टरांनी 5 मिलिग्रॅमची मोठी गोळी चालू केली. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलचा 1991 चा अभ्यास आहे. आधीचं बाळ असं झालेल्या आयांनी गर्भ धरण्याआधीपासून 4 मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड घेतलं, तर पुन्हा तसं होण्याचं प्रमाण 72 टक्क्यांनी उतरलं. तिची धाकटी मुलगी धडधाकट आहे, शाळेच्या कबड्डीत खेळते. ज्यांच्या घरात असं काही झालेलं नाही, त्यांना एवढी मोठी गोळी लागत नाही. त्यांना रोज 400 मायक्रोग्रॅम पुरतं, निदान महिनाभर आधीपासून ते पहिले तीन महिने संपेपर्यंत. तुमच्या सुनेच्या हातात आहे ती हीच.

महिनाभर आधी म्हणजे कधी, हे कोकणात ओळखणं अवघड नाही. चाकरमानी गणपतीला येतो, शिमग्याला येतो, मे महिन्यात येतो. माझ्या रजिस्टरमधल्या नोंदी त्याच हिशेबाने वाढतात. म्हणून आषाढ सरत आला की मी नवीन लग्न झालेल्या पोरींच्या घरी पट्ट्या घेऊन फिरते. मुंबईहून येणाऱ्या गाड्यांची तिकिटं आपण दोन महिने आधी काढतो, मग ही तयारी महिनाभर आधी करायला काय हरकत आहे?

ही गोळी मुळात आपल्याच माणसांमुळे सापडली, हे मला प्रशिक्षणात कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता. लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर 1928 मध्ये मुंबईत आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांचं रक्त इतकं कमी का होतं, कितीजणी त्यात दगावतात, हे त्या शोधत होत्या. यीस्टचा अर्क दिल्यावर त्या बायका सुधारल्या. ते त्यांनी 1931 मध्ये प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला गुण म्हणजेच पुढे ओळखलं गेलेलं फॉलिक ॲसिड. 1941 मध्ये ते पालकाच्या पानांतून वेगळं काढलं. त्या काळच्या गिरणगावात रत्नागिरीकडची किती माणसं होती हे तुमच्या-माझ्या घरातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलेलं आहेच. त्या खाटांवर आपली कुणी आजी-पणजी होती की नाही, हे आता कुणाला माहीत. मी मात्र पट्टी देताना तिला आठवते.

तुम्ही म्हणाल, पानांतच आहे तर पावसात टाकळा, माठ, अळू काय कमी खातो आम्ही? खा, भरपूर खा. पण शिजवताना त्यातलं बरंच निघून जातं, आणि एवढ्या थोड्या दिवसांत पाहिजे तेवढा साठा नुसत्या भाजीने होईल याचा भरवसा नाही. रेशनच्या तांदळाचंही तसंच. त्यात लोह, बी12 आणि फॉलिक ॲसिड घातलेले दाणे मिसळलेले असतात. ते जरा वेगळे दिसतात म्हणून काहीजणी "प्लास्टिकचा तांदूळ" म्हणत निवडून फेकतात. कृपा करून फेकू नका. पण किलोमागे 75 ते 125 मायक्रोग्रॅम एवढंच त्यात असतं. दिवसाला पाव किलो तांदूळ खाल्ला तरी 20-30 मायक्रोग्रॅम मिळालं. गोळीची जागा तो घेऊ शकत नाही.

तुमच्या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न असतो, तो तुम्ही उघड विचारला नाहीत. गोळी घेऊन बाळाला काही झालं तर? ही भीती उगाच आलेली नाही. जर्मनीत 1957 मध्ये थॅलिडोमाइड नावाची झोपेची गोळी बाजारात आली, गरोदर बायकांनी मळमळीवर घेतली आणि जगभरात 10,000 हून जास्त मुलं हातापायांची व्यंगं घेऊन जन्मली. आजही मुरुमांवरची आयसोट्रेटिनॉइन, फिटवरची व्हॅलप्रोएट, रक्त पातळ करणारी वॉरफॅरिन ही औषधं गर्भाला धोक्याची आहेत. पण "सगळीच औषधं वाईट" असं धरून चाललं की दुसरीकडे घात होतो. आमच्या भागातल्या एका मुलीला फिट यायच्या. पाळी चुकल्याबरोबर कुणीतरी सांगितलं म्हणून तिने गोळ्या बंद केल्या आणि आठव्या दिवशी विहिरीवर तिला फिट आली. शेजारीण पाणी भरत होती म्हणून वाचली. औषध बदलून मिळतं, डोस बदलतो, पण ते डॉक्टरांनी आणि शक्यतो दिवस राहायच्या आधी. थायरॉईडची गोळी तर बंद करायचीच नसते, उलट बऱ्याचजणींचा डोस वाढवावा लागतो.

अमेरिका आणि कॅनडात 'मदर टू बेबी' नावाची फुकट सेवा आहे. फोन करून बाई विचारते, मी अमुक गोळी घेतली, मी गरोदर आहे, मी अंगावर पाजते, काय करू? त्यातले जाणकार तेवढंच काम करतात. तिकडे काहीही न घेता 33 बाळांमागे एकात काहीतरी मोठं व्यंग असतं, हेही ते आईला स्पष्ट सांगतात, म्हणजे ती उगाच स्वतःला दोष देत बसत नाही. असं केवळ ह्याच कामाचं, मराठीत बोलणारं कुणीतरी आपल्याकडे असावं असं मला फार वाटतं. तोवर आरोग्य सल्ल्याचा सरकारी 104 नंबर आहे, दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची डॉक्टर तपासणी असते, आणि उपकेंद्रात मी आहे. जन्मल्यावर मुलांमधली व्यंगं शोधून उपचाराला पाठवणारा बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये आपल्या उत्तर कोकणातल्या पालघरलाच सुरू झाला. चांगलंच आहे ते. पण ते झालं जन्मल्यानंतरचं.

अंगावर पाजण्याचंही सांगते, कारण तिथे घरातल्या वडीलधाऱ्यांचा शब्द चालतो. मागे एका बाळंतिणीच्या छातीत गाठ होऊन ताप आला, डॉक्टरांनी पाजत असताना चालणारी अँटिबायोटिक दिली, तरी तिच्या आईने "औषधाचं दूध नको" म्हणून बाळाला तोडलं आणि गाईचं दूध पाणी घालून सुरू केलं. पाचव्या दिवशी बाळ जुलाबांनी मलूल होऊन माझ्यासमोर आलं. छातीत गाठ झाली तर पाजणं थांबवायचं नसतं, दूध साचलं की दुखणं वाढतं. बहुतेक औषधं दुधात अगदी थोडी उतरतात. कॅन्सरची काही औषधं, किरणोत्सारी आयोडीन अशी मोजकीच आहेत, ज्यांना पाजणं थांबवावं लागतं. दुधाला खरंच नडते ती मशेरी. तिच्यातलं निकोटीन दुधात उतरतं. गरोदरपणी तर ती आणखी वाईट. मुंबईच्या बायकांवरचा 2004 चा अभ्यास आहे, मशेरी-तंबाखू लावणाऱ्यांची बाळं सरासरी 105 ग्रॅमनी हलकी भरली. "दात घासायचीच तर आहे" असं मला सांगू नका, काकी.

आणि मोरी मासा. दूध वाढतं म्हणून बाळंतिणीला मोरीचं सुकं घालतात, माझ्या आईनेही मला घातलं होतं. मोठ्या शिकारी माशांच्या अंगात पारा साठत जातो आणि तो वाढत्या मेंदूला वाईट. म्हणून अमेरिकेच्या सरकारी यादीत गरोदर आणि पाजणाऱ्या बायकांनी टाळायच्या माशांत शार्क म्हणजे मोरी आहे. तारली द्या, बांगडा द्या, मुडदुशे द्या. मासा सोडायचा नाही, फक्त लहान खायचा.

एक राहिलंच. सुनेला लहानपणी गोवर-रुबेलाची लस मिळाली होती का, तिच्या माहेरी विचारून घ्या. रुबेला गरोदरपणी झाला तर बाळाचे डोळे, कान, हृदय जातं. ही लस गरोदरपणात देता येत नाही, आणि घेतल्यावर महिनाभर दिवस राहू द्यायचे नसतात. मिळाली नसेल तर मला लगेच सांगा, तालुक्याला विचारून सोय बघू. तेव्हा हेही आत्ताच बघायचं.

गणपतीला अजून साडेपाच आठवडे आहेत. त्या पट्टीत 10 गोळ्या होत्या, त्या लवकरच संपतील. बुधवारी मी उपकेंद्रात आहे, सकाळी दहापासून. सुनेला पाठवा, पुढच्या तीन पट्ट्या काढून ठेवते. तुम्ही सोबत आलात तर मशेरीचंही बोलू.