अण्णांच्या गोळ्यांची पिशवी

अण्णांच्या पांढऱ्या सदऱ्याला काखेत तपकिरी डाग पडायचे, कानाच्या कडा निळसर दिसायच्या. कुणी लक्ष दिलं नाही. पुढं कंबर धरली, मग गुडघे, खांदे. परभणीत जो तो म्हणायचा, वय झालं, झीज आहे. गुडघ्याच्या ऑपरेशनमध्ये आतली कूर्चा (हाडांमधली मऊ गादी) काळी ठिक्कर निघाली, तेव्हा आजाराचं नाव कळलं: अल्काप्टोन्युरिया. आई आणि बाप दोघांकडूनही बिघडलेलं जनुक आलं तरच तो होतो. आमची आजी, म्हणजे अण्णांची आई, आजोबांच्या सख्ख्या मामाची मुलगी. आपल्या भागात अशी लग्नं घरोघरी आहेत.

या आजारात होमोजेन्टिसिक ॲसिड हे शरीरातच बनणारं आम्ल मोडतच नाही. बरंचसं लघवीवाटे जातं, उरलेलं कूर्चेत मुरतं आणि ती ठिसूळ होते. म्हणजे अण्णांची खरी भिस्त किडनीवर. आणि नेमकी तीच आम्ही औषधांनी मारत होतो, हे पिशवी उलटी केल्यावर दिसलं.

बीपीची टेल्मिसार्टन, तिच्यातच लघवी वाढवणारं औषध. हाडांच्या डॉक्टरांची डायक्लोफिनॅक, दुखणं थांबवणारी. वर गावच्या दुकानातली पुडी: कात्रीनं कापलेल्या पट्टीतल्या दोन गोळ्या, नाव अन् तारीख दोन्ही कापून गेलेलं. दुकानदाराला विचारलं तर तीही डायक्लोफिनॅकच! बीपीची गोळी, लघवीचं औषध आणि डायक्लोफिनॅक हे तिन्ही एकत्र आलं की म्हाताऱ्या किडनीचा रक्तपुरवठा घटतो. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कमी पडली की रक्तात वाढणारा आकडा, 1.8 आलं होतं. लिहून देणारा प्रत्येक डॉक्टर आपापल्या जागी बरोबर होता, पण सगळं एकत्र कुणीच पाहिलं नव्हतं. मला याचाच संताप येतो.

आता एकच फिजिशियन सगळं बघतात. डायक्लोफिनॅक बंद. पॅरासिटामॉल 650 ठरल्या वेळेला, दुखणं चढायच्या आधी. रात्रीच्या ॲमिट्रिप्टिलिन या गोळीनं तोल जायचा, ती हळूहळू उतरवली. संडासात कमोडची खुर्ची ठेवली, त्यानं जेवढा आराम पडला तेवढा कुठल्याच गोळीनं पडला नाही. निटिसिनोन नावाच्या औषधाला युरोपात 2020 मध्ये या आजारासाठी मान्यता मिळाली. ते होमोजेन्टिसिक ॲसिड कमी करतं, पण झिजलेला सांधा परत येत नाही, म्हणून आम्ही त्याच्या मागं धावलो नाही.

दुखणं गेलेलं नाही. थंडीत पहाटे अण्णा बाजेवर उठून बसतात आणि म्हणतात, "बाई, ती जुनी एक गोळी दे ना." मी गरम पाण्याची पिशवी देते. प्रीगाबालिन ही नसांच्या दुखण्याची गोळी सुरू करायची का, हे पुढच्या खेपेला विचारायचं आहे. तिनं पाय सुजतात आणि चक्करही येते, म्हणून किडनीचा रिपोर्ट सोबत नेणार आहे.