निन्टेन्डो ६४ अखेर चालला, चोर काळ्या वायरीत निघाला

काल रात्री एक्स्पान्शन पॅक (जादा मेमरीचा तुकडा) लावून निन्टेन्डो ६४ सलग तीन तास चालला, एकदाही न गोठता! गेले तीन आठवडे या एकाच कन्सोलने सगळं काम अडवून धरलं होतं, म्हणून बाकीच्या नोंदी बाजूला ठेवून आधी हेच लिहितोय.

सगळे जुने गेम कन्सोल एकाच सप्लायवर चालवायचे आहेत, आणि मांडणी मागच्या वेळचीच आहे. एटीएक्स सप्लाय (कॉम्प्युटरचा), चालू करायची हिरवी वायर स्विचमधून काळीला, म्हणजे ग्राउंडला, आणि ५ व्होल्टवर किमान लोड म्हणून १० ओहमचा सिमेंट रेझिस्टर कायमचा. मेगा ड्राइव्ह १ आणि सुपर फॅमिकॉम बक कन्व्हर्टरच्या (व्होल्टेज उतरवणाऱ्या मॉड्यूलच्या) ९ व्होल्टवर मजेत आहेत. (त्यांना थेट १२ देऊ नका, हे पुन्हा सांगतो. आतला ७८०५, म्हणजे ५ व्होल्टचा रेग्युलेटर, वरचे सात व्होल्ट नुसती उष्णता करून टाकतो.)

एन६४ (निन्टेन्डो ६४) सगळ्यांत सोपा जाईल असं वाटलं होतं. त्याला ३.३ आणि १२ व्होल्ट लागतात, एटीएक्समध्ये दोन्ही तयार मिळतात. मूळ अडॅप्टर मेलेलाच होता. त्याचं कवच रिकामं करून कनेक्टर तोच ठेवला, आणि तो मागच्या खाचेत टक्कन बसला तेव्हा फार बरं वाटलं. पण खेळ सुरू झाला की दहा मिनिटांत चित्र गोठायचं. पॅक काढला तर तासभर टिकायचं.

सप्लायपाशी दर वेळी ३.३१ व्होल्ट दिसायचे. त्यामुळे सप्लाय निर्दोष धरून मी कन्सोलच्याच मागे लागलो. पॅकचे संपर्क पुसले, पॉवर स्विच उघडून साफ केला, १२ व्होल्टवर कपॅसिटर वाढवला. काही फरक नाही. शेवटी दोन बारीक वायरी कवचातल्या कनेक्टरला सोल्डर करून बाहेर काढल्या आणि खेळ चालू असताना मोजलं. २.९८!

मग एकेक वायर दोन्ही टोकांना धरून मोजली. नारिंगीवर (३.३ व्होल्टची) ०.१७ व्होल्ट पडत होते, काळीवर (परतीची) ०.१६. वायर २४ गेजची, मीटरभर लांब, आणि तिच्यातून दोन अँपिअर. त्या काळीतून १२ व्होल्टचाही परतीचा करंट जातो, म्हणजे तिच्यावर नारिंगीपेक्षा जास्त पडायला हवे होते. इथे डोकं अडलं. सहज मेगा ड्राइव्हची एव्ही केबल स्विचबॉक्समधून (सगळ्या कन्सोलचं चित्र टीव्हीकडे नेणाऱ्या) उपसली, तर काळीवरचा आकडा माझ्या डोळ्यांसमोर ०.२० वर चढला. म्हणजे एन६४ चा थोडा करंट एव्ही केबलच्या शील्डमधून (बाहेरच्या जाळीतून), मेगा ड्राइव्हच्या ग्राउंडमार्गे घरी परतत होता. एन६४ चालू असताना मेगा ड्राइव्हच्या चित्रात सरकणारे करडे पट्टे यायचे, ज्यांचा ठपका मी बक कन्व्हर्टरवर ठेवला होता, ते इथून येत होते. व्हिडिओ सिग्नल एक व्होल्टचा, त्यात ग्राउंडच असा हलला तर दुसरं काय होणार?

आता १८ गेजच्या दोन नारिंगी, दोन काळ्या टाकल्यात, आणि प्रत्येक कन्सोलची काळी स्वतंत्रपणे सप्लायपाशी एकाच पट्टीवर आणलीय. कनेक्टरवर ३.२६ मिळतात. पट्टे गेले. प्रत्येक लाइनला फ्यूजही आहे, तो कुणीही टाळू नये. एटीएक्सची रेल (एकेका व्होल्टेजची लाइन) एवढा करंट देते की सप्लाय बंद पडायच्या आत बारीक वायर जळेल.

मध्येच २४ पिनच्या कनेक्टरमधली ३.३ ची सेन्स वायर (टोकाचं व्होल्टेज सप्लायला कळवणारी) कन्सोलपर्यंत नेण्याचा विचार होता. सोडून दिला. ती फक्त नारिंगीवरची घट भरून काढते, काळी तशीच राहते. शिवाय ती सुटली तर सप्लाय व्होल्टेज कुठवर चढवेल याचा भरवसा नाही.

हे लिहिता लिहिता दुसरंच सुचतंय. कवचात जागा भरपूर आहे. ३.३ लांबून आणायचेच कशाला? फक्त १२ न्यायचे आणि बक कवचातच बसवायचा. मग ३.३ च्या बाजूचा करंट वायरीत एक अँपिअरच्याही खाली येतो. मॉड्यूल मात्र ठरलेल्या आउटपुटचंच घेणार. स्क्रूने फिरवून व्होल्टेज ठरवायचा ट्रिमपॉट असलेलं नकोच, एकाचा स्क्रू नुसत्या धक्क्याने सरकलेला मी पाहिलाय. आणि विक्रेते ३ अँपिअर लिहितात ते क्षणभराचे असतात, म्हणून ५ चं पाहतोय. ड्रीमकास्ट या पुढच्या कन्सोलचं काम तोवर थांबेल, कारण हे जमलं तर त्यालाही १२ व्होल्टची एकच वायर पुरेल.