सेसरीम ते स्वाकोपमुंड, व्हाया पंक्चर: नामिबियातला एक दिवस

सोसुसव्लेच्या लाल वाळूच्या टेकड्या बघून झाल्या की बहुतेक सगळे तिथल्या सेसरीमहून समुद्राकाठच्या स्वाकोपमुंड गावाला जातात, आम्हीही गेलो. अंतर साधारण साडेतीनशे किमी, त्यातलं जवळजवळ सगळं कच्च्या खडीच्या रस्त्यावर. गुगल पाच तास वगैरे सांगतं पण आम्हाला साडेदहा तास लागले, आणि पुढच्या वेळी गेले तरी मी पूर्ण दिवसच ठेवीन, का ते खाली येईलच.

आम्ही चौघं होतो, मी, नवरा, ११ वर्षांची लेक आणि ६८ वर्षांच्या सासूबाई, म्हणजे आई. ऑगस्ट महिना, म्हणजे तिकडचा हिवाळा. गाडी भाड्याची डबल कॅब पिकअप, तिकडे पिकअपला सगळे बक्की म्हणतात. ड्रायव्हिंग आपल्यासारखंच डाव्या बाजूने, त्यामुळे तेवढं टेन्शन नाही, पण खडीचा रस्ता ही वेगळीच गोष्ट आहे. बारीक लाटा असतात रस्त्यावर, धुण्याच्या फळीसारख्या, त्यावर गाडी थरथरते आणि ८० च्या वर गेलात की मागचा भाग घसरायला लागतो. त्यामुळे ८० ही आमची लक्ष्मणरेषा, वळणावर ५०, आणि काहीही झालं तरी एकदम ब्रेक मारायचा नाही. खडीवर टायरमधली हवा डांबरी रस्त्यापेक्षा थोडी कमी ठेवतात, किती ते गाडी घेतानाच विचारून कागदावर लिहून घ्या.

साडेसातला निघालो आणि नऊच्या आसपास सोलिटेअरला पोचलो. नकाशावर गावासारखं नाव दिसतं पण आहे काय तर एक पेट्रोल पंप, दुकान, लॉज, बेकरी आणि वाळूत रुतवून ठेवलेल्या जुन्या गंजक्या गाड्या. बेकरीतला ॲपल पाय प्रसिद्ध आहे, तो प्रसिद्ध करणारे मूस मॅकग्रेगर २०१४ मध्ये वारले पण पाय अजून तसाच गरम गरम मिळतो, घ्याच. पंप मात्र सगळ्यात महत्त्वाचा, कारण इथून समुद्राकाठच्या वॉल्विस बे शहरापर्यंत सुमारे २३० किमी मध्ये काहीही नाही. टाकी अर्धी भरलेली असली तरी फुल करा. पंपावर माणूसच भरून देतो, काच पुसतो, त्याला थोडी टिप द्यायची पद्धत आहे. दक्षिण आफ्रिकेचा रँड आणि नामिबियन डॉलर एकास एक चालतात, सुटे जवळ ठेवा.

तर या पंपावरच्या दादाने विचारलं कुठले, इंडिया म्हटल्यावर पहिला प्रश्न काय, तर "आमचे चित्ते बरे आहेत का?" सप्टेंबर २०२२ ला ८ चित्ते नामिबियातून कुनोला आले ते त्याला पक्कं माहीत होतं. लेकीने तिला जे काय माहीत होतं ते सगळं त्याला सांगितलं, काही मेले हेही सांगितलं, पिल्लं झाली हेही सांगितलं. तो हातातलं फडकं तसंच धरून ऐकत होता. माहेरची बातमी विचारावी तसं विचारत होता अगदी.

तिथेच एका गाडीतून तीन हेरेरो (इथली एक जमात) बायका उतरल्या, कुठल्या तरी लग्नाला निघाल्या होत्या. हेरेरो बायकांचा पोशाख म्हणजे पायघोळ, भरपूर घेराचा झगा आणि डोक्यावर दोन्ही बाजूंना गाईच्या शिंगासारखी आडवी टोपी, कारण गुरंढोरं हेच त्यांचं सगळं वैभव. झगा मूळ जर्मन मिशनऱ्यांच्या बायकांकडून आला, आणि त्याच जर्मनीच्या सैन्याने १९०४ ते १९०८ मध्ये हेरेरो आणि नामा (इथली दुसरी जमात) लोकांचा भयंकर नरसंहार केला. तरी तो झगा त्यांनी स्वतःचा करून टाकला आणि आज मानाने मिरवतात. आईंनी स्वेटरवरून इरकल नेसलेली, आणि या बायका थेट आईंकडेच आल्या. एकीने पदर हातात घेऊन काठ उलटा करून बघितला, आईंनी तिच्या झग्याची शिलाई बघितली, मग घेर किती मीटरचा, साडी किती मीटरची, हे बोटांवर. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही आणि वीस मिनिटं गप्पा. हेरेरोत सकाळी "मोरो" म्हणतात, एवढा एकच शब्द आईंनी उचलला पण तो पुढे दिवसभर चालला. फोटो विचारून काढले, त्यांनी आनंदाने हो म्हटलं. विचारल्याशिवाय मोबाईल वर करू नका प्लीज, माणसं आहेत ती, प्रेक्षणीय स्थळ नाही.

पुढे मकरवृत्ताची पाटी लागते, स्टिकर्सनी पार झाकलेली. लेकीने भोपाळ-विदिशा रस्त्यावर कर्कवृत्ताची पाटी बघितलेली, त्यामुळे दोन्ही झाल्याचा तिला कोण आनंद. मग गाउब पास, मग कुइसेब पास. कुइसेब नदी बहुतेक वेळ कोरडीच असते, पण तिला कधीमधी येणारा पूर दक्षिणेकडून सरकणारी वाळू धुऊन नेतो, म्हणून तिच्या एका बाजूला टेकड्यांएवढे वाळूचे ढीग आणि पलीकडे सपाट खडीचं माळरान. घाटातले उतार तीव्र आहेत, खालचा गिअर टाकून उतरा.

आणि घाट चढून वर त्या माळरानावर आल्यावर मागचा डावा टायर गेला. दगडाने बाजूलाच चिरलेला. दुपारचे साडेबारा, मोबाईलला रेंज नाही, चारी दिशांना काही म्हणजे काही नाही. स्टेपनी गाडीच्या खाली लटकवलेली होती आणि ती खाली सोडायला जो लांब दांडा लागतो तो किटमध्ये नव्हताच. गाडी देणाऱ्यांनी दिला नाही आणि आम्ही बघितला नाही. त्यामुळे हे नीट वाचा: गाडी ताब्यात घेताना जॅक, पाना, दांडा सगळं बाहेर काढून बघा, स्टेपनी तिथल्या तिथे एकदा खाली सोडून परत चढवायला लावा, तिच्यात हवा किती तेही बघा. मिळाली तर दुसरी स्टेपनी घ्याच. त्यांना घाई असली तरी आपल्याला नको.

चाळीसेक मिनिटांनी लांबवर धुळीचा पट्टा दिसला. जुनी पांढरी बक्की, त्यात एक साठीचे नामा आजोबा आणि त्यांचा नातू, मागे मेंढ्यांचं खाद्य. आम्ही हात करायच्या आधीच त्यांनी वेग कमी केला होता. उतरल्या उतरल्या कामाला लागले असं नाही, आधी प्रत्येकाशी हात मिळवला, "मातिसा", म्हणजे कसे आहात. आईंनी सवयीने "मोरो" म्हटलं, दुपारी. आजोबा खळखळून हसले आणि त्यांनीही मोरो म्हटलं. मग त्यांच्याकडचा दांडा काढला. जॅक लावायला गेलो तर तो खडीत रुतायला लागला, तेव्हा त्यांनी सीटमागून फूटभर लांबीची जाड फळी काढली, कडा झिजलेली, मधोमध जॅकच्या बुडाचा गोल ठसा पडलेला. फळी खाली, तिच्यावर जॅक. चाकाचे नट गाडी उचलायच्या आधी थोडे सैल करायचे, नाहीतर चाक हवेत फिरत राहतं, हेही त्यांनी नवऱ्याच्या हातून करून घेतलं, स्वतः नाही केलं. शेवटी उरलेल्या तिन्ही टायरवर तळहात ठेवून बघितला. फार गरम लागला तर हवा कमी आहे किंवा तू जोरात चालवतोयस, एवढंच म्हणाले.

पैसे देऊ केले तर त्यांनी मान हलवली. आईंनी मग डब्यातली शेंगदाण्याची चिक्की आणि पाण्याच्या दोन बाटल्या नातवाच्या हातात दिल्या, त्या मात्र घेतल्या. निघताना आजोबांनी फळी आमच्या गाडीत टाकली. माझ्याकडे घरी अजून आहे म्हणाले. जवळजवळ सव्वाआठ लाख चौरस किमीच्या, म्हणजे आपल्या अडीच महाराष्ट्रांहून मोठ्या देशात जेमतेम ३० लाख माणसं राहतात, तिथे रस्त्यात थांबलेल्या गाडीजवळ कोणीच न थांबता जात नाही. तुम्हीही थांबा, निदान वेग कमी करून अंगठा वर करून विचारा, ओके का म्हणून.

तिथून पुढे ६० ने गेलो, कारण आता स्टेपनी नव्हती. समुद्राच्या जवळ आल्यावर बेंग्वेला या समुद्रातल्या थंड प्रवाहामुळे हवा एकदम गार होते आणि समोर धुकं दिसायला लागतं, स्वेटर बॅगेत तळाला ठेवू नका. वॉल्विस बेला टायरच्या दुकानात गेलो, बाजूने चिरलेला टायर दुरुस्त होत नाही म्हणून नवा घ्यावा लागला. टायरचा इन्शुरन्स वेगळा असतो, गाडी घेताना तोही विचारा, आम्ही घेतलेला म्हणून वाचलो. दुकानाबाहेर एक बाई वेटकूक तळत होत्या, आंबवलेल्या मैद्याचे गोळे, वरून कडक आतून मऊ. सकाळच्या पायनंतर पोटात काही नव्हतं, दोन दोन खाल्ले, आईंनी तर पिठात नेमकं काय घालता ते विचारून घेतलं.

स्वाकोपमुंड तिथून ४० किमीच्या आत, डांबरी रस्ता. ऑगस्टमध्ये पावणेसातच्या सुमारास सूर्य मावळतो आणि अंधारात गाडी चालवायची नाही हा तिथला पक्का नियम धरा, जनावरं रस्त्यावर येतात. आम्ही सहाला दहा कमी असताना गेस्ट हाऊसच्या गेटमधून आत शिरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्किंगमध्ये दोन पोरं भेटली, आमच्या उलट दिशेला सोसुसव्लेला निघालेली, गाडी साधी हॅचबॅक. नवऱ्याने त्यांना स्टेपनी काढून दाखवायला लावली, नट आधी सैल करायचे ते सांगितलं, आणि आजोबांची फळी त्यांच्या डिकीत ठेवली.