समुद्रावरचा अक्षांश : नाविक ॲस्ट्रोलेबच्या कामाची दुसरी नोंद

नाविक ॲस्ट्रोलेबचे काम आता अशा टप्प्यावर आले आहे की यंत्र हातात धरून सूर्याचे उन्नतांश, म्हणजे क्षितिजापासूनची उंची, मोजता येतात आणि त्यावरून अक्षांशही काढता येतो. चकती कापून झाली, तिच्यावर अंशांच्या खुणा कोरून झाल्या, फिरती पट्टी बसली आणि हिवाळ्यातील स्वच्छ आकाशाचा लाभ घेऊन रत्नागिरीच्या किनाऱ्यावर निरीक्षणेही झाली. जुनी यंत्रे स्वतः घडवून वापरून पाहणाऱ्यांसाठी ही नोंद आहे. म्हणून घडणीचा भाग जरा विस्ताराने लिहिते.

नमुना म्हणून मी सोद्रे ॲस्ट्रोलेब घेतला आहे. वास्को द गामाचा मामा विसेंते सोद्रे याचे ‘एश्मेराल्डा’ हे जहाज १५०३ मध्ये ओमानजवळच्या अल् हल्लानिया बेटापाशी बुडाले. त्याच्या अवशेषांतून २०१४ मध्ये ही चकती वर आली. तिचा व्यास सुमारे १७५ मिलिमीटर, जाडी दोन मिलिमीटरपेक्षा कमी आणि वजन ३४४ ग्रॅम आहे. तिच्यावर पोर्तुगालचे राजचिन्ह आणि राजा मानुएलचे गोलयंत्राचे बोधचिन्ह आहे. अंशांच्या खुणा मात्र साध्या डोळ्यांना दिसत नव्हत्या. लेसरने पृष्ठभागाची मोजणी केल्यावर पाच-पाच अंशांच्या अंतराने कोरलेल्या रेषा उमटल्या आणि ही शोभेची चकती नसून नाविकाचे यंत्र असल्याचे स्पष्ट झाले. आज जगात असे नाविक ॲस्ट्रोलेब शंभराच्या आसपास शिल्लक आहेत आणि त्यांपैकी सर्वांत जुना ज्ञात नमुना हाच मानला जातो.

विद्वानांच्या ॲस्ट्रोलेबशी परिचय असणाऱ्यांना हे यंत्र फारच उघडेबोडके वाटेल. आपल्याकडे महेंद्रसूरीने १३७० मध्ये ज्याच्यावर ‘यंत्रराज’ हा संस्कृत ग्रंथ रचला, त्या यंत्रात ताऱ्यांची जाळी असते, प्रत्येक अक्षांशासाठी वेगळी तबकडी असते आणि वेळ, लग्न (पूर्व क्षितिजावर उगवणारी रास), उदयास्त असे कितीतरी प्रश्न त्याच्यावर सोडवता येतात. नाविकाने यातले जवळजवळ सगळे काढून टाकले आणि एक कडी, एक अंशवर्तुळ व एक फिरती पट्टी एवढेच ठेवले. मला हे यंत्र आवडते ते याच कारणाने. त्यातली प्रत्येक गोष्ट हलत्या डेकवर निभावते की नाही, या एकाच कसोटीवर टिकलेली आहे.

पितळेचा १६ गेजचा पत्रा घेतला, कारण तो १.६ मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्यातून कापलेल्या चकतीचे वजन मूळ नमुन्याच्या जवळ जाते. वर्तुळाची कड लेथवर काढून घेतली. अंश पाडण्याचे काम मात्र छापील कोनमापक न वापरता त्या काळच्या कारागिरासारखे परकाराने करायचे ठरवले होते. त्रिज्येएवढे अंतर परिघावर मांडत गेले की साठ-साठ अंशांचे सहा भाग पडतात. त्यांचे दोनदा अर्धे केले की पंधरा अंश मिळतात. इथपर्यंत भूमिती चोख साथ देते. पुढे पंधराचे तीन भाग आणि पाचाचे पाच भाग करताना परकाराचे तोंड केसभर उघडत-मिटत अंदाजाने अंतर जुळवावे लागते. ८७ मिलिमीटर त्रिज्येवर एक अंश म्हणजे जेमतेम दीड मिलिमीटर. कोरणीची रेषाच त्यातला दहावा भाग खाऊन टाकते. सोद्रे नमुन्यावर पाच अंशांच्याच खुणा का आहेत आणि मधले अंश नजरेने का वाचले जात असावेत, हे पितळेवर कोरणी धरल्यावर नीट कळते.

याच हिशोबाने वास्को द गामाच्या लाकडी यंत्राचाही उलगडा होतो. जोआंव दे बारोस या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे की, नोव्हेंबर १४९७ मध्ये आफ्रिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील सेंट हेलेना उपसागरात पोहोचल्यावर गामाने जमिनीवर उतरून तीन पाम व्यासाच्या लाकडी ॲस्ट्रोलेबने सूर्य मोजला आणि ते यंत्र तीन काठ्यांच्या तिकाटण्याला टांगले होते. तीन पाम म्हणजे सुमारे ६६ सेंटिमीटर. त्या त्रिज्येवर एका अंशाला जवळजवळ पावणेसहा मिलिमीटर जागा मिळते, म्हणजे माझ्या चकतीच्या चौपटीच्या आसपास. एवढे मोठे यंत्र जहाजावर टांगून उपयोग नव्हता, पण महिनोन्‌महिने जमीन न पाहिलेल्या ताफ्याला आपण नेमके कुठे आहोत हे ठरवायचे होते. त्यासाठी ते किनाऱ्यावर नेणे हाच शहाणपणा होता.

फिरत्या पट्टीकडे वळते. सोद्रे चकतीबरोबर पट्टी सापडलेली नाही, त्यामुळे ती उत्तरकालीन यंत्रांवरून घेतली. पट्टीच्या दोन्ही भागांवर एकेक उभा पडदा असतो आणि प्रत्येकात एक बारीक छिद्र. सूर्याकडे पाहायचे नसते. वरच्या छिद्रातून आलेला प्रकाशाचा ठिपका खालच्या छिद्रावर पडेपर्यंत पट्टी फिरवायची आणि टोकाचा अंश वाचायचा. पडदे एकमेकांपासून दूर ठेवले तर मोजमाप सूक्ष्म होते, परंतु ठिपका छिद्रावर आणणे अवघड जाते. जुन्या नाविक यंत्रांत पडदे मध्याकडे सरकवलेले दिसतात. मी दोन्ही प्रकारच्या पट्ट्या करून पाहिल्या. किनाऱ्यावर, वारा पडलेला असताना, दूरचे पडदे नक्कीच सरस ठरतात. वारा सुटला की जवळच्या पडद्यांवर ठिपका लवकर सापडतो आणि सापडला की टिकतोही.

कडीच्या बाबतीत एक गोष्ट सर्वांनी अवश्य करावी. चकती टांगल्यावर तिचा गुरुत्वमध्य केंद्राच्या बरोबर खाली आला नाही तर प्रत्येक वाचनात तेवढीच चूक शिरते. यासाठी मी वरच्या दोन्ही चतुर्थांशांवर अंश कोरले आहेत. एकदा डाव्या बाजूने आणि लगेच यंत्र फिरवून उजव्या बाजूने मोजले की टांगणीचा कल एका वाचनात जेवढा वाढतो तेवढाच दुसऱ्यात घटतो आणि सरासरीत तो निघून जातो.

आता निरीक्षणे. रत्नागिरीचा अक्षांश १७ अंश उत्तर, अगदी काटेकोर म्हणायचे तर त्याहून किंचित कमी. रेखांश सुमारे ७३.३ अंश असल्याने इथला खरा मध्यान्ह घड्याळाच्या १२ वाजता होत नाही. नोव्हेंबरच्या आरंभी तो १२ वाजून २० मिनिटांच्या आसपास आणि फेब्रुवारीच्या मध्याला १२ वाजून ५० मिनिटांच्या आसपास येतो. डिसेंबरमध्ये सूर्य मध्यान्ही ४९ ते ५१ अंशांच्या आसपास असतो आणि मध्यान्हाच्या आधी-नंतरच्या दहा मिनिटांत त्याची उंची पाच कलांहूनही (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) कमी बदलते. हाताने धरायच्या यंत्राला याहून सोयीचा काळ नाही. पुळणीवर बसून, कोपर गुडघ्याला टेकवून घेतलेली माझी वाचने अर्ध्या अंशाच्या आत राहिली. दक्षिणायनाच्या अखेरच्या दिवशी सरासरी साडेएकोणपन्नास अंश आली.

उंची मिळाली म्हणजे अक्षांश मिळाला असे होत नाही, कारण त्या दिवशी सूर्य विषुववृत्तापासून किती दूर आहे, म्हणजे त्याची क्रांती किती आहे, हे माहीत असावे लागते. पंधराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांनी मारलेली खरी मजल इथे आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. युरोपच्या किनाऱ्यावर ध्रुवतारा पुरत होता. जहाजे गिनीच्या किनाऱ्याने विषुववृत्ताकडे सरकू लागली तसा तो क्षितिजाला टेकला आणि पुढे दिसेनासा झाला. राजा दुसरा जोआंव याने १४८५ मध्ये जोझे विझिन्यो याला गिनीला पाठवले, ते तिथे सूर्याची उंची मोजून पाहण्यासाठीच. सालामांकाचा ज्यू ज्योतिर्विद अब्राहाम झाकुतो १४९२ मध्ये स्पेनमधून हद्दपार होऊन पोर्तुगालला आला होता. त्याच्या हिब्रू कोष्टकांचे विझिन्योने लॅटिन केले आणि ते १४९६ मध्ये लैरीया येथे छापले गेले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मानुएलने ज्यूंना देश सोडण्याचा हुकूम काढला आणि झाकुतोला पुन्हा परागंदा व्हावे लागले. ज्यांच्या आकड्यांवर गामाची जहाजे दक्षिण गोलार्धात चालली त्यांना राज्यात राहू दिले नाही, ही गोष्ट मला या यंत्रावर काम करताना सतत बोचत राहते.

झाकुतोने क्रांतिवृत्ताचा, म्हणजे सूर्याच्या वार्षिक मार्गाचा, विषुववृत्ताशी कल २३ अंश ३३ कला धरला होता. आज तो २३ अंश २६ कला आहे. मी पंचांगातून सूर्याचे सायन भोग (त्या मार्गावरचे वसंत संपातापासूनचे स्थान) घेऊन झाकुतोच्या मूल्याने क्रांतीचे कोष्टक तयार केले. आजच्या मूल्याशी त्याचा फरक अयनदिनी सर्वांत जास्त, म्हणजे सात कला येतो. संपाताकडे, म्हणजे सूर्य विषुववृत्तावर येतो त्या दिवसाकडे, जाताना तो घटत शून्य होतो. एकोणपन्नास अंश तीस कला या उंचीवरून खमध्यापासूनचे (बरोबर डोक्यावरच्या बिंदूपासूनचे) अंतर साडेचाळीस अंश, त्यातून २३ अंश ३३ कला वजा केले की १६ अंश ५७ कला उरतात. एका वाचनाची शाश्वती अर्ध्या अंशाची आहे, तेव्हा इतक्या जवळच्या उत्तरात सरासरीचा आणि थोडा योगायोगाचाही वाटा आहे. संपाताच्या सुमारास दुसरीच काळजी असते. तेव्हा क्रांती रोज सुमारे २४ कलांनी बदलते, म्हणून कोष्टकातील एका दिवसाची ओळ चुकली तर जहाज ४४ किलोमीटर सरकते.

समुद्रावरचा अनुभव वेगळा होता. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून निघालेल्या एका ओळखीच्या मच्छीमार बोटीवर मला बसू दिले. बंदराबाहेर पडताच लाटेच्या प्रत्येक उचलीला प्रकाशाचा ठिपका पडद्यावर खालीवर धावू लागला आणि वाचने जवळजवळ तीन अंशांत विखुरली. चकती हलकी असल्याने वाऱ्यावरही ती कडीभोवती गिरकी घेत होती. १५०० मध्ये ब्राझीलला पोहोचलेल्या काब्राल या पोर्तुगीज कप्तानाच्या ताफ्यातील मेस्त्रे जोआंव याने १ मे १५०० रोजी ब्राझीलच्या किनाऱ्यावरून राजा मानुएलला लिहिलेले पत्र वाचलेल्यांना हे ओळखीचे वाटेल. जहाज हलत असताना चार-पाच अंशांची चूक होतेच, जमिनीवर उतरल्याशिवाय नीट मोजता येत नाही, असे त्याने स्वच्छ लिहिले आहे.

त्याच पत्रात २७ एप्रिलचे एक निरीक्षण आहे आणि ते रत्नागिरीकरांना विशेष जवळचे वाटावे. किनाऱ्यावर उतरून त्याने सूर्याची उंची ५६ अंश मोजली आणि आपण विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे १७ अंशांवर असल्याचे ठरवले. जुन्या पंचांगातील तो दिवस आजच्या गणनेने ७ मे होतो. तेव्हा सूर्याची उत्तर क्रांती सुमारे १७ अंश असते. खमध्यापासूनचे ३४ अंश आणि त्यातून हे १७ वजा केले की त्याचे उत्तर येते. म्हणजे तो ब्राझीलच्या पुळणीवर ज्या सूर्याकडे यंत्र धरून उभा होता, तो सूर्य त्या दिवशी मध्यान्ही रत्नागिरीच्या डोक्यावर येऊन गेला होता. आपला शून्य सावलीचा दिवस तोच, ७-८ मेच्या सुमाराचा. त्याच्या उतरण्याच्या जागेचा खरा अक्षांश १६ अंश २० कलांच्या आसपास आहे, म्हणजे चूक पाऊण अंशाच्या आत.

अर्धा-पाऊण अंश म्हणजे तीस ते पंचेचाळीस सागरी मैल. एवढ्या चुकीने जहाजे मुक्कामी कशी पोहोचत, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर यंत्रात नसून प्रवासाच्या आखणीत आहे. रेखांश मोजण्याची विश्वासार्ह सोय नसल्याने नाविक आधी इच्छित बंदराच्या अक्षांशावर येत आणि मग तो अक्षांश धरून पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे जात राहत. किनारा दिसला की डोंगर, खाड्या आणि पाण्याची खोली ओळखीची होती. किनारा नजरेच्या टप्प्यात आणून देण्यापुरतेच काम या चकतीकडे होते आणि तेवढे ती चोख करत असे.

आपल्या समुद्राला हे यंत्र नवलाचे नव्हते, हेही नोंदवले पाहिजे. बारोसच्याच वृत्तांतानुसार १४९८ मध्ये पूर्व आफ्रिकेतील मालिंदीला भेटलेल्या गुजराती वाटाड्याला गामाने ॲस्ट्रोलेब दाखवले तेव्हा त्याला काहीच आश्चर्य वाटले नाही. उलट त्याने स्वतःचे लाकडी फळ्यांचे साधन दाखवले. चाळीस वर्षांनी, १५३८ मध्ये, जोआंव दे कास्त्रो गोव्याहून दीवकडे निघाला तेव्हा त्याने कोकणची बंदरे रेखाटली, ठिकठिकाणी सूर्य मोजला आणि वसईजवळ होकायंत्राची सुई भलतीकडे वळत असल्याचे पाहून त्याचे कारण तिथल्या खडकात शोधले. पेद्रो नुनेश या गणितज्ञाने सुचवलेली साधने प्रत्यक्ष समुद्रावर पारखून पाहणारा हा माणूस पुढे गोव्याचा गव्हर्नर झाला. त्याच्या निरीक्षणांवर स्वतंत्रपणे लिहिण्याचा माझा विचार आहे.

पुढचे काम ओतीव चाकाचे. सोळाव्या शतकात पातळ चकतीच्या जागी जाड, मध्ये मोकळे आणि खालच्या बाजूला भरीव असे चाक आले, ज्यातून वारा आरपार जातो आणि वजनामुळे गिरकी कमी होते. नकाशाकार दिओगो रिबेरोच्या १५२९ च्या जागतिक नकाशावर नाविक ॲस्ट्रोलेबचे चित्र आहे. उत्तरकालीन चाकांच्या मापाने सागवानी साचा तयार केला आहे आणि तो ओतारी मंडळींकडे पोहोचलाही आहे. खमध्यापासूनचे अंतर थेट वाचता यावे म्हणून नंतरच्या अनेक पोर्तुगीज यंत्रांप्रमाणे याच्या अंशांचा शून्य माथ्यावर ठेवणार आहे. मे महिन्यात सूर्य डोक्यावरून उत्तरेकडे गेला की वजाबाकीचा नियम बदलतो आणि मध्यान्हाच्या एक-दोन मिनिटांत सूर्य पूर्वेकडून पश्चिमेकडे झपाट्याने वळतो, त्यामुळे पट्टीची दिशा सांभाळणे कठीण जाते. चाक तोपर्यंत ओतून झाले तर जुनी चकती आणि नवे चाक एकाच बोटीवर, एकाच मध्यान्ही शेजारी धरून मोजायचे आहे.