मामा, डिफेन्स घेऊ का?

रविवारी सकाळी मिसळ खाऊन जरा आडवा झालो होतो तेवढ्यात पुण्याहून भाच्याचा फोन. "मामा, डिफेन्स घेऊ का?" मला आधी वाटलं हा कुठल्या डिफेन्स कॉलनीत फ्लॅट बघतोय की काय, तर नाही, शेअर. म्हणे ऑफिसात सगळ्यांनी घेतलेत, बाहेरचा पैसा येणार, निर्यात वाढतेय, भारतात गुंतवायला ह्याच्यासारखं दुसरं क्षेत्र नाही. आता मी काही शेअर बाजारातला जाणकार नाही, मी नाशिकच्या अंबड-सातपूर एमआयडीसीतल्या छोट्या कारखानदारांचे हिशेब बघतो, जीएसटी, बँकेचे कागद वगैरे. पण त्यातले तीन-चार जण विमानाचे पार्ट बनवतात, त्यामुळे ह्या धंद्याची जी बाजू मला दिसते ती टीव्हीवर येत नाही, म्हणून त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे टाईप करून ठेवतोय.

आधी चांगलं बोलू. आकडे खरंच दणदणीत आहेत. २०१३-१४ ला आपली संरक्षण निर्यात ६८६ कोटींची होती, २०२४-२५ ला २३,६२२ कोटी. फिलिपिन्सने २०२२ मध्ये ब्रह्मोस क्षेपणास्त्राची ऑर्डर दिली आणि एप्रिल २०२४ ला पहिला माल पोचला पण. परदेशी कंपनीला इथल्या संरक्षण कंपनीत २००१ मध्ये फक्त २६ टक्के मालकीची परवानगी होती, २०२० पासून ७४ टक्के सरळ, कुणाला विचारायची गरज नाही, त्याच्यावर सरकारची मंजुरी घेऊन १०० पर्यंत. तरी गंमत बघा, दार एवढं उघडून सुद्धा बाहेरचा थेट पैसा इतर क्षेत्रांच्या मानाने किरकोळच आलाय. का? कारण मालक होऊन करणार काय, गिऱ्हाईक तर एकच आहे.

हा मुद्दा मी भाच्याला तीनदा सांगितला. साबण विकणाऱ्याला गिऱ्हाईक रुसलं तर दुसरं असतं. तोफ कुणाला विकणार? आपलं सरकार, नाहीतर आपलं सरकार परवानगी देईल तो देश. आणि हे आजचं नाही, आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० साली म्हैसूर सरकारला बरोबर घेऊन बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट काढली, आणि दोन वर्षांत युद्धाच्या धामधुमीत ती सरकारच्या ताब्यात गेली. आजची विमानं बनवणारी सरकारी कंपनी एचएएल ती तीच. म्हणजे देशात विमान बनवण्यातला पहिला गुंतवणूकदार आपला माणूस, आणि त्याचं असं झालं.

मग बजेट. २०२५-२६ चं संरक्षण बजेट ६.८१ लाख कोटी ऐकलं की डोळे फिरतात, पण त्यातले नवीन खरेदीचे वगैरे १.८० लाख कोटी, बाकी पगार, पेन्शन, रोजचा खर्च. आणि पेपरात जी हेडलाईन येते ना, "लाख कोटींच्या खरेदीला मंजुरी", ती मंजुरी म्हणजे ऑर्डर नाही. जुलै २०२५ मध्ये अशी १.०५ लाख कोटींची मंजुरी झाली. ह्याला म्हणतात गरज मान्य केली. त्याच्यानंतर टेंडर, मग चाचण्या (उन्हाळ्यात वाळवंटात, थंडीत डोंगरावर), मग भावाची घासाघीस, मग मंत्रिमंडळ समिती, तेव्हा कुठे सही. १२६ लढाऊ विमानांचं टेंडर २००७ ला निघालं, २०१२ ला राफेल निवडलं, २०१५ ला ते सगळं गुंडाळलं आणि शेवटी ३६ घेतली. पुण्याच्या भारत फोर्जची आणि टाटांची ती अटॅग्स तोफ, डीआरडीओचं (सरकारी संरक्षण संशोधन संस्था) काम २०१३ चं, ३०७ तोफांचा करार मार्च २०२५ ला. बारा वर्षं! तेवढ्यात मुलगा पहिलीतून बारावीला जातो. पण शेअर मात्र हेडलाईन आली त्याच दिवशी उडतो.

आमच्या नाशिकलाच बघा. १७ ऑक्टोबर २०२५ ला ओझरच्या एचएएल कारखान्यातून इथे बनलेलं पहिलं तेजस एमके वन ए लढाऊ विमान उडालं, संरक्षणमंत्री आले होते, आम्ही गच्चीवर जाऊन बघत होतो, अंगावर काटा आला खोटं कशाला बोलू. पण त्या ८३ विमानांचा करार फेब्रुवारी २०२१ चा होता आणि अमेरिकेहून त्यांचं पहिलं इंजिनच मार्च २०२५ ला आलं. वर मुख्य कंपनीचं काम अडलं की खाली दहा गाळ्यांत मशीन थांबतं, बँकेचा हप्ता थांबत नाही.

आता गाळ्यातली गोष्ट. एका क्लायंटकडे गेलो तर टेबलावर एक ब्रॅकेट, ॲल्युमिनियमचं, तळहाताएवढं, हातात घेतलं तर वजनच लागेना. शेठ म्हणाले हे अडीच किलोच्या ठोकळ्यातून काढलंय, बाकी सगळा चुरा गेला स्क्रॅपला. त्याच्याबरोबरची फाईल मात्र जाडजूड, धातू कुठल्या भट्टीतला, कुठल्या मशीनवर, कुणी लावलं, कुणी मोजलं, सगळं. शेजारी तसंच दुसरं, पण मधोमध करवतीने कापलेलं. एका भोकात वीस मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाचा फरक पडला म्हणून रिजेक्ट, आणि रिजेक्ट माल चुकून कुठे विमानात बसायला नको म्हणून कापूनच टाकायचा. तो अर्धा तुकडा मी मागून घेतला, आता माझ्या टेबलावर कागदांवर ठेवतो.

ह्याच शेठचं एका बड्या कंपनीकडे (नाव नको) सात महिने पेमेंट अडकलं होतं. कायद्याने छोट्या उद्योगाला ४५ दिवसांत पैसे मिळायला पाहिजेत, मी म्हटलं तक्रार टाकू, तर हात जोडून म्हणाले, भाऊ, पुढची ऑर्डर तुम्ही देणार का?

त्यांना वेळेवर पैसे देतं कोण माहितीये, प्रवासी विमानांचं काम. एअरबस, बोईंग दोघंही भारतातून दरवर्षी एक अब्ज डॉलरच्या वर माल उचलतात, त्यांच्याकडे जाणाऱ्या मालाची खालची एखादी साखळी जमली की माणूस तरतो. भाच्याला हेच म्हटलं, नुसतं डिफेन्स डिफेन्स करू नको, कंपनीचं गिऱ्हाईक कोण ते वार्षिक अहवालात बघ आणि येणी किती साचलीत ते बघ. आणि भाव. एचएएल २०१८ ला १,२१५ ने आला तेव्हा लोकांनी नाकं मुरडली होती, स्प्लिट (पुढे एका शेअरचे दोन झाले) धरला तर ते सहाशेच्या आसपास पडतात. २०२४ च्या जुलैत साडेपाच हजाराच्या वर गेला तेव्हा सगळे धावले आणि पुढच्या मार्चमध्ये तोच तीन हजारांच्या घरात. कंपनी तीच, विमानं तीच.

"म्हणजे घेऊ की नको?" कप्पाळ! मी म्हटलं तुझे पैसे, तुझं डोकं, मला जेवायला बोलावतायत.

आणि एवढं सगळं ऐकवून सोमवारी ऑफिसला आलो तर तेच शेठ हजर, दुसरं फाईव्ह ॲक्सिस मशीन (पार्ट पाच दिशांनी कापणारं) घ्यायचंय, बँकेचे कागद करा. उधारीचे दिवस, म्हणजे माल दिल्यावर पैसे यायला किती लागतात ते, म्हणाले ६० टाका, मी १५० टाकले, बँकेतले साहेब म्हणाले एवढे दाखवले तर वरून पास होणार नाही. शेवटी ९० वर मिटलं.