बिघडलाय गं तो

रविवार, रात्री उशिरा

आज मनूशी खोटं बोलले. आणि तेही इतकं फुटकळ की त्यापेक्षा एखादं मोठं बोलले असते तर निदान समाधान तरी लाभलं असतं.

जेवणं झाल्यावर ती माझ्या कपाटासमोर फतकल मारून बसली आणि म्हणाली, "आत्या, तुझा तो डिजिकॅम आहे ना अजून? मला दे ना. तू तर वापरतच नाहीस." माझ्या तोंडून निघून गेलं, "बिघडलाय गं तो." वर पुरवणीही जोडली, लेन्स अडकते, बाहेरच येत नाही. वहिनी ओट्यापाशी होती. तिने नुसतं वळून पाहिलं. तिला कळलं. ती बोलली काहीच नाही, कधीच बोलत नाही, पण ते जाऊ दे.

काहीही बिघडलेलं नाही त्याचं. कॅनन पॉवरशॉट ए४८०, रुपेरी, १० मेगापिक्सेल, ३.३ पट झूम. २००९ साली घेतला होता, पगारातून, दोन महिने बाहेरचा चहा बंद करून. मग का बोलले मी?

कंजूषपणा? असेल. पण गेल्या दिवाळीत कानातले दिले तेव्हा नाही आला तो आडवा.

मनूचं म्हणणं, फोनचे फोटो फार शहाणे असतात. याच्यात फोटो टिपणारा सेन्सर सीसीडी जातीचा, फोनमध्ये सीमॉस जातीचा, म्हणून रंग वेगळे, असं तिने मलाच समजावलं. फ्लॅशमध्ये चेहरे पांढरेफटक येतात ना, तेच हवंय म्हणे सगळ्यांना. हे ऐकताना मला राजगड आठवला. सुवेळा माचीवर, नेढ्यापाशी, म्हणजे खडकातल्या त्या आरपार भोकापाशी, सगळे दाटीवाटीने उभे, मी कॅमेरा काढला आणि कोणीतरी अगदी प्रेमाने म्हणालं, "तुझा राहू दे, याच्या डीएसएलआरवर काढू." मी तो परत सॅकच्या कप्प्यात टाकला. त्या ट्रेकचे माझे फोटो म्हणजे पायवाट, चिलट आणि एक कुत्रा. जे लपवायला मी शिकले, तेच आता पोरी मिरवणार. म्हणून बोलले का?

तेही पटत नाही. पंधरा वर्षांपूर्वीच्या राजगडाचा सूड मनूवर कशाला?

कॅमेरा नानांचा म्हणावा, तर त्यांना तो कधी जमलाच नाही. या कॅमेऱ्याला डोळा लावून बघायची खिडकी नाही, मागच्या पडद्यावरच बघायचं. नाना मात्र जुन्या सवयीने तो नाकाला चिकटवायचे. पडद्यावर नाकाचा तेलकट ठसा, फोटोत सगळ्यांची डोकी उडालेली. अर्धं बटण दाबा, हिरवी चौकट येऊ द्या, मग पूर्ण दाबा, हे शंभरदा सांगून झालं होतं. ठसा-बिसा काही उरलेला नाही हं. मी कितीदा तरी पुसलाय पडदा.

"तू तर वापरतच नाहीस." हे लागलं. मागच्या खोलीबद्दलही असंच म्हणाले होते सगळे. तेव्हा मी गप्प बसले होते.

झोप येईना म्हणून कॅमेरा काढला. सेल आत नव्हते. ती नानांचीच शिस्त: महिनाभर न लागणाऱ्या वस्तूतले सेल बाहेर, नाहीतर पाझरतात. आता रात्री साडेबाराला पेन्सिल सेल कुठून आणू? हॉलमधल्या घड्याळातला एक, स्वयंपाकघरातल्या घड्याळातला एक. कॅमेरा सुरू झाला, लेन्स झोकात बाहेर आली, त्याने तारीख-वेळ विचारली आणि मी साल बदलत असतानाच पडदा काळा. घड्याळाला पुरतात ते सेल याला कसे पुरावेत? लेन्स तशीच बाहेर राहिली. म्हणजे संध्याकाळी बाहेर येत नव्हती, आता आत जात नाही. रात्री एकटीच हसले.

मंगळवार

काल कोपऱ्यावरच्या दुकानातून अल्कलाइन सेल आणले. घातले, लेन्स आत गेली.

जिन्यात शेजारच्या काकूंच्या मांजराचा फोटो काढला, फ्लॅश टाकून. फ्लॅश एकदा मारला की हा बाबा पडदा काळा करून पुढच्या फ्लॅशची तयारी करत बसतो. पूर्वी या वेळात लोकांचं हसू ओसरायचं आणि दुसऱ्या फोटोत सगळे बँकेच्या रांगेत उभे असल्यासारखे दिसायचे. मांजर तर निघूनच गेलं. पण पहिल्या फोटोत त्याचे डोळे असे चमकलेत, आणि मागचा जिना असा गडप काळोखात गेलाय की मनूचं म्हणणं थोडं कळलं. थोडंच.

दुपारी तिचा मेसेज. "आत्या, तापकीर गल्लीत कॅमेरे दुरुस्त करणारे एक काका आहेत म्हणे. मी तीनशे रुपये साठवलेत. शनिवारी जाऊ या?"

घ्या! एका खोट्यावर काम भागलं असतं, आता पूर्ण दुरुस्ती उभी करावी लागणार. मी लिहिलं, अगं मीच दाखवला एकांना, झाला नीट. लगेच उत्तर, "किती घेतले?" मी लिहिलं, दीडशे. मग वाटलं लेन्सचं काम दीडशेत कोण करतं, ती विचारेल कुणाला तरी. खोडून अडीचशे केलं. ती म्हणते पैसे मी देणार, आत्ताच पाठवते. आता तिचे अडीचशे घेऊ कसे?

शनिवारी ती येईल. द्यायचा, असं आज तरी ठरलंय. महिनाभरासाठी, म्हणजे उसना. सेल काढून ठेवायचं तिला बजावलं पाहिजे.

मांजराचे अजून अकरा काढले. दोन्ही घड्याळं बंदच आहेत, सेल आणायचे त्यांच्यासाठीही. सकाळी त्या पायी बस चुकली.